सीनकाठचा नेल बुरूज: जागा, बांधणी आणि नाश

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: पॅरिसच्या मध्ययुगीन तटाच्या पश्चिम टोकाला, सीन नदीच्या डाव्या तीरावर ‘तूर द नेल’ नावाचा जो बुरूज होता तो नेमका कोठे उभा होता, त्याची बांधणी कशी होती, तो लढाईत पडला की मुद्दाम पाडला, फ्रेंच राजघराण्यातील सुनांची जी कथा त्याच्याशी जोडली जाते तिच्यात तथ्य किती, आणि आज तेथे गेल्यास काही पाहायला मिळते का. जुन्या तटांची मोजणी आणि दुरुस्ती हे माझे काम असल्याने मी सुरुवात जागेपासून करतो. कथा आधी घेतली की बांधकाम बाजूला राहते, आणि या बुरुजाच्या बाबतीत गेली दोन शतके बहुतेक वेळा तेच होत आले आहे.

लूव्र राजवाड्याच्या जुन्या चौकातून बाहेर पडून पाँ दे-झार या पादचारी पुलावरून दक्षिणेकडे चालत निघालात, की समोर घुमटाची एक भव्य इमारत येते. तिचा दर्शनी भाग अर्धवर्तुळात आत वळलेला आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन भक्कम चौकोनी दालने नदीकडे पुढे आलेली आहेत. ही ‘आँस्तित्यू द फ्राँस’ या संस्थेची इमारत होय. तिच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, जे दालन दिसते त्याच्या जागेवर नेल बुरूज होता. त्या बाजूच्या भिंतीवर बुरुजाची आणि तटाची जागा सांगणारा एक फलक बसवलेला आहे, परंतु के द काँती या नदीकाठच्या धक्क्यावरून जाणारी गर्दी पुढच्या घुमटाकडे पाहत असते आणि फलक वाचायला क्वचितच कोणी थांबतो.

हा बुरूज ज्या तटाचा भाग होता तो राजा फिलिप दुसरा, म्हणजेच फिलिप ऑग्युस्त, याने बांधवून घेतला. ११९० मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धाला निघण्यापूर्वी त्याने उजव्या तीरावरील तटाचा हुकूम दिला. डाव्या तीराचे काम १२०० च्या सुमारास सुरू झाले आणि १२१५ पर्यंत पुरे झाले. दोन्ही तीरांचा तट मिळून पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांब होता, त्याच्या आत सुमारे २५० हेक्टर जमीन आली होती आणि त्यावर सत्तरहून अधिक बुरूज होते. उजव्या तीराला आधी संरक्षण मिळण्याचे कारण उघड होते. व्यापारी वस्ती त्या तीरावर होती आणि खरा धोकाही त्याच बाजूने होता, कारण सीनच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की नॉर्मंडी लागत असे आणि नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होती. लूव्रचा किल्लाही याच काळात, पश्चिमेला आणि तटाच्या बाहेर, याच भीतीपोटी उभा राहिला. पुढे १२०४ मध्ये नॉर्मंडी फिलिपच्या हाती आली आणि धोका बराच ओसरला. तरीही डाव्या तीरावरचे काम थांबले नाही. नेल बुरूज बांधला जात होता तेव्हा शत्रू दाराशी नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या टप्प्यावर तट हा संरक्षणाइतकाच राजधानीची सीमा आखण्याचा आणि राजसत्ता डोळ्यांत भरवण्याचा प्रकार झाला होता.

तटाची बांधणी सर्वत्र जवळजवळ सारखी होती. आतून आणि बाहेरून घडीव चुनखडकाचे थर, आणि दोहोंच्या मध्ये चुन्यात बसवलेल्या अनघड दगडांचा भराव. पायथ्याशी जाडी सुमारे ३ मीटर, वर निमुळती होत गेलेली. उंची साधारण ६ ते ८ मीटर. त्यावर पहारेकऱ्यांना चालण्यासाठी फांजी आणि फांजीच्या बाहेरच्या कडेला चर्या, म्हणजे आडोशाचा दंतुर कठडा. दर ६० ते ७० मीटरांवर सुमारे ६ मीटर व्यासाचा एक गोल बुरूज, जो तटापासून बाहेर पुढे आलेला असे. हे अंतर सहज ठरलेले नाही. एका बुरुजावरील धनुर्धराला आपल्या आणि शेजारच्या बुरुजाच्या मधला तटाचा पायथा बाणाच्या टप्प्यात ठेवता आला पाहिजे, या हिशोबावर ते बसवलेले आहे.

नेल बुरूज मात्र या रांगेतील नव्हता. तट जेथे नदीला येऊन संपत होता अशा चार ठिकाणी चार मोठे बुरूज होते. शहराच्या वरच्या अंगाला, पूर्वेस, उजव्या तीरावर बार्बो आणि डाव्या तीरावर तुर्नेल. खालच्या अंगाला, पश्चिमेस, उजव्या तीरावर लूव्रजवळचा ‘कोपऱ्याचा बुरूज’ आणि त्याच्या समोर डाव्या तीरावर नेल. नेल बुरुजाचा व्यास सुमारे १० मीटर आणि उंची सुमारे २५ मीटर होती. त्याला चिकटून चक्री जिन्याची एक अरुंद मिनारवजा जोडइमारत होती आणि ती मुख्य बुरुजापेक्षाही थोडी वर गेलेली होती. अशा टोकाच्या बुरुजाची अडचण अशी असते की त्याच्या एका बाजूला तट असतो आणि दुसऱ्या बाजूला केवळ पाणी. शेजारच्या बुरुजाची मदत एकाच बाजूने मिळते, नदीच्या बाजूने स्वतःचे रक्षण स्वतःलाच करावे लागते. तेथे रुंदी आणि उंची वाढवणे भागच असते. त्याशिवाय या बुरुजाकडे आणखी एक काम होते. रात्री समोरच्या बुरुजापासून येथपर्यंत नदीच्या पात्रात लोखंडी साखळी ताणली जात असे आणि तिला मध्ये नांगरलेल्या होड्यांचा आधार दिला जात असे, जेणेकरून अंधारात कोणतीही नाव शहरात शिरू नये. पूर्वेच्या जोडीचीही अशीच व्यवस्था होती. साखळीचा ताण पेलण्यासाठी टोकाला वजनदार बांधकाम लागते, त्यामुळे या बुरुजांचा आकार टेहळणीइतकाच या ओढीनेही ठरवला असला पाहिजे, असे माझे मत आहे.

येथे मराठी वाचकाने एक काळजी घ्यावी. ‘बुरूज’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दख्खनच्या किल्ल्यांवरील रुंद, ठेंगणा, आतून भरीव आणि माथ्यावर तोफ फिरवण्यास जागा असलेला बुरूज येतो. विजापूरचा उपली बुरूज उंचीला नेल बुरुजाच्या जवळपास, सुमारे ८० फूट आहे. पण तो १५८४ चा आहे, तोफेसाठीच बांधलेला आहे आणि त्याचा जिना बाहेरून वळसा घेत वर जातो. नेल बुरूज त्याच्या पावणेचारशे वर्षे आधीचा, तोफा येण्यापूर्वीचा आहे. तो आतून पोकळ होता, त्यात एकावर एक दालने होती आणि त्याचे बळ उंचीत होते. हा फरक लक्षात ठेवला तर पुढे तो निकामी का ठरला हेही आपोआप कळते.

सुरुवातीला त्याचे नाव नेल नव्हते. जुन्या दस्तऐवजांत तो फिलिप हामेलँ या पॅरिसच्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे तटाच्या आत, बुरुजाला लागून नेल घराण्याचा वाडा उभा राहिला आणि वाड्याचे नाव बुरुजाला चिकटले. हा वाडा १३०८ मध्ये आमोरी द नेल याने राजा फिलिप चौथा याला ५००० लिव्ह्रांना (लिव्ह्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन) विकला. त्यानंतर वाड्याचे धनी अनेकदा बदलले. १३१९ मध्ये तो फिलिप पाचव्याची राणी जान हिला मिळाला, १३८० मध्ये बेरीच्या ड्यूककडे गेला. या साखळीतील प्रत्येक नावाचा बुरुजाच्या बांधणीशी संबंध नाही, म्हणून ती येथेच सोडतो. एवढे ध्यानात ठेवावे की वाडा खाजगी किंवा राजघराण्याच्या मालकीचा आणि बुरूज शहराच्या तटाचा, अशी ही जोडी होती, आणि कथांमध्ये या दोहोंची नेहमीच गल्लत केलेली आढळते.

आता कथेविषयी. १३१४ मध्ये फिलिप चौथ्याच्या तिन्ही सुना, मार्गरिट, ब्लांश आणि जान, एका प्रकरणात अडकल्या. मार्गरिट आणि ब्लांश यांच्यावर फिलिप आणि गोतिए दोने या दोन सरदार बंधूंशी संबंध ठेवल्याचा आरोप सिद्ध धरण्यात आला, त्या बंधूंना एप्रिल १३१४ मध्ये पाँतवाज येथे अत्यंत क्रूरपणे ठार मारण्यात आले आणि दोघी राजस्त्रियांना शातो गायार या किल्ल्यात कोंडण्यात आले. मार्गरिट १३१५ मध्ये तेथेच वारली. जान निर्दोष ठरली, तिचा नवरा पुढे फिलिप पाचवा म्हणून गादीवर आला आणि नेलचा वाडा तिला त्यानेच दिला. इतका भाग इतिहासाचा आहे. या भेटीगाठी नेल बुरुजातच होत असत, हा धागा मात्र नंतरच्या परंपरेने जोडला.

परंपरेची दुसरी शाखा आणखी रंगतदार आहे. एक राणी बुरुजाच्या खिडकीतून तरुण विद्यार्थ्यांना हेरून वर बोलावते आणि पहाटे पोत्यात घालून नदीत फेकून देते. त्यांच्यातील ब्यूरिदाँ नावाचा एकटाच वाचतो. पंधराव्या शतकातील एका प्रसिद्ध कवितेत या पोत्याचा उल्लेख आहे. ब्यूरिदाँ हा खरोखरीचा तत्त्वज्ञ होता आणि १३२८ मध्ये तो पॅरिस विद्यापीठाचा प्रमुख होता. म्हणजे १३१४ च्या प्रकरणाच्या वेळी तो अगदीच कोवळ्या वयाचा असणार. राणी कोणती, याविषयी तर प्रत्येक आवृत्तीचे उत्तर निराळे आहे: कधी मार्गरिट, कधी फिलिप चौथ्याची राणी, कधी विधवा जान. यांपैकी जानच काय ती वाड्यात खरोखर राहत होती, आणि तिच्या नावावर नोंदलेले कृत्य नेमके उलट आहे. तिने मृत्युपत्राने हा वाडा विकून त्या पैशांतून गरीब विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काढण्याची व्यवस्था केली आणि त्यातून बुर्गोन्य महाविद्यालय उभे राहिले. विद्यार्थ्यांना पोसणाऱ्या बाईवर विद्यार्थी बुडवल्याचा आळ यावा, याला काय म्हणावे! १८३२ मध्ये रंगमंचावर आलेल्या एका नाटकाने ही कथा पुन्हा उजळली, आणि आज बहुतेकांच्या मनातील नेल बुरूज हा त्या नाटकातील बुरूज असतो.

बांधकाम म्हणून या बुरुजाविषयी आपल्याला जे कळते ते तीन मार्गांनी कळते, आणि माझ्या दृष्टीने उत्तराचा गाभा हाच आहे. तटाचे बहुतेक बुरूज नाहीसे झाले असताना नेल बुरुजाचे रूप इतके स्पष्ट उरले, त्याला कारण त्याची जागा. लूव्रच्या समोर, नदीच्या वळणावर आणि १६०७ मध्ये पुरा झालेल्या पाँ नफ पुलाच्या अलीकडे तो उभा असल्याने, शहराचे चित्र काढणाऱ्याला तो टाळताच येत नसे.

पहिला मार्ग कोरीव चित्रांचा. जाक कालो याने १६३० च्या सुमारास सीनची दोन मोठी दृश्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि दोन्हींत हा बुरूज आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इस्राएल सिल्व्हेस्त्रने बुरूज आणि शेजारचा नेल दरवाजा यांची अनेक चित्रे केली. अशी चित्रे पुरावा म्हणून वापरताना पहिली तपासणी बाजूंची करावी लागते, कारण पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते आणि कोरणाऱ्याने ते आधीच उलटे काढलेले नसेल तर डावा तीर उजवीकडे जातो. कालोच्या एका दृश्यात आपण प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे पाहत आहोत. तेथे लूव्र उजवीकडे आणि बुरूज डावीकडे हवा, आणि तसाच आहे. दुसऱ्यात पाहणारा पूर्वेला, पाँ नफकडे तोंड करून आहे. तेथे बुरूज उजवीकडे हवा, आणि तेथेही तो बरोबर जागी आहे. म्हणजे बाजूंच्या बाबतीत कालोवर विश्वास ठेवता येतो. उंचीच्या बाबतीत मात्र ठेवू नये. त्याला विस्तीर्ण आकाश आणि मुंगीएवढी माणसे यांचा मोह होता, आणि माणसे लहान काढली की इमारत आपोआप मोठी दिसते. चित्रातील माणसाच्या उंचीवरून बुरूज मोजणाऱ्यांचे आकडे फुगलेले निघतात ते याच कारणाने. त्याऐवजी बुरुजाची रुंदी आणि उंची यांचे परस्परप्रमाण वेगवेगळ्या चित्रकारांकडून घ्यावे, ते जुळते का पाहावे आणि प्रत्यक्ष माप दुसरीकडून आणावे, ही पद्धत सुरक्षित आहे.

या चित्रांतून काही बारकावे निःसंशय कळतात. बुरुजाचा पायथा जवळजवळ पाण्याला लागलेला आहे, त्याला चिकटलेला जिन्याचा मिनार मुख्य बुरुजाच्या डोक्यावरून वर डोकावतो, आणि थोडे आत दोन गोल बुरुजांच्या मध्ये नेल दरवाजा आहे, ज्याच्या पुढे खंदकावर कमानींचा दगडी पूल आहे. खंदक नदीला येऊन मिळतो. हा खंदक मूळ रचनेतील नव्हता, हे येथे सांगायला हवे. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रेंच राजा इंग्रजांच्या कैदेत पडला, पॅरिस उघडे पडल्याची भीती पसरली आणि शहराच्या व्यापाऱ्यांचा प्रमुख एतिएन मार्सेल याने घाईघाईने तटाची दुरुस्ती व खंदकांची खोदाई सुरू केली. उजव्या तीरावर पुढे नवा, मोठा तट झाला. डाव्या तीराची वस्ती फारशी वाढलेली नसल्याने तेथे दीडशे वर्षांचा जुनाच तट खंदक जोडून चालवून घेतला गेला. नेल बुरूज सतराव्या शतकापर्यंत तटाचा जिवंत भाग राहिला तो या काटकसरीमुळे. समोरचा त्याचा जोडीदार नव्या तटामुळे केव्हाच शहराच्या आत अडकून निरुपयोगी झाला होता.

उंचीच्या प्रश्नात आणखी एक मेख आहे. आजचा के द काँती हा दगडी धक्का नंतरच्या भरावावर आहे, तर बुरुजाच्या काळी तेथे नैसर्गिक उतरता काठ होता. उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, बाहेरच्या काठापासून मोजायची की आतल्या वाड्याच्या अंगणापासून, यावर आकडा काही मीटरांनी सहज बदलतो. मी २५ मीटर म्हणतो ते नदीकडच्या अंगाने. कोणी थोडा कमी आकडा दिलेला आढळल्यास दोघांपैकी एक चूक आहे असे लगेच समजू नये.

दुसरा मार्ग नकाशांचा. सोळाव्या शतकातील पॅरिसचे नकाशे आणि १६१५ चा मेरियाँचा नकाशा ही खरे तर उंचावरून पाहिल्यासारखी चित्रे आहेत. त्यांत बुरूज कोणाच्या शेजारी आहे ते कळते, किती अंतरावर आहे ते कळत नाही. १६५२ चा गाँबूस्तचा नकाशा मात्र प्रत्यक्ष मोजणी करून प्रमाणात काढलेला आहे. तुआज या तेव्हाच्या मापात, म्हणजे साधारण १.९५ मीटरांच्या एककात, त्यावर अंतरे मोजता येतात. बुरूज पाडला जाण्याच्या अवघ्या १३ वर्षे आधी तो प्रसिद्ध व्हावा, हे आपले भाग्यच म्हणायचे.

तिसरा मार्ग रस्त्यांचा आणि मिळकतींच्या हद्दींचा आहे, आणि आमच्या कामात हाच सर्वांत भरवशाचा ठरतो. तट पाडला तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींची मालकी वेगळीच राहते, आणि ती हद्द पुढे शतकानुशतके घरांच्या सामाईक भिंतींत टिकून राहते. आँस्तित्यूच्या मागे आग्नेयेकडे जाणारी र्यू माझारीन ही गल्ली जुन्या खंदकाच्या रेषेवर आहे. तिला एके काळी नेलच्या खंदकांचेच नाव होते. तिच्या पूर्वेला, थोड्या अंतरावर जवळजवळ समांतर जाणाऱ्या र्यू द नेव्हेरच्या बाजूला आँपास द नेव्हेर हा एका टोकाने बंद असलेला बोळ आहे, आणि तो बंद आहे तो तटाच्या भिंतीमुळेच. म्हणजे खंदक बाहेर आणि तट आत, हे दोन्ही धागे आजच्या नकाशावरही वेगवेगळे दाखवता येतात. ही रेषा वायव्येकडे नदीपर्यंत वाढवली की ती आँस्तित्यूच्या पूर्व दालनाला जाऊन भिडते.

या तिरप्या रेषेचा एक सुंदर पडताळा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. इटालियन सोनार आणि शिल्पकार बेनव्हेनुतो चेल्लिनी याला १५४० मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने राहण्यासाठी आणि कारखान्यासाठी ‘छोटा नेल’, म्हणजे नेल वाड्याचा बुरुजालगतचा भाग, दिला. तेथे आधीपासून बसलेल्यांना हुसकावून लावण्यासाठी त्याला बरीच दांडगाई करावी लागली, आणि ती त्याने स्वतःच मोठ्या चवीने लिहून ठेवली आहे. आपल्या आत्मवृत्तात तो या जागेचे वर्णन त्रिकोणी आकाराचा, शहराच्या तटाला चिकटलेला, जुना आणि पहारा नसलेला किल्ला असे करतो. त्रिकोणी का, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही: नदीचा काठ आणि तिला तिरपा येऊन मिळणारा तट यांच्या बेचक्यात जी जमीन उरते ती त्रिकोणीच असते. आणि ‘पहारा नसलेला’ हे त्याचे शब्द त्याहून मोलाचे आहेत. १५४० मध्ये, म्हणजे बुरूज पडण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, येथे नियमित पहारा राहिला नव्हता. राजधानीच्या तटाच्या कोपऱ्यावर एक परदेशी कलावंत भट्ट्या पेटवून चांदीच्या मूर्ती ओतत होता आणि कोणालाही त्यात धोका वाटत नव्हता.

तरीही त्याला एकदा पुन्हा लढाऊ महत्त्व आले. १ नोव्हेंबर १५८९ रोजी, पॅरिसने राजा म्हणून न मानलेल्या चौथ्या हेन्रीच्या सैन्याने डाव्या तीरावरील उपनगरांवर हल्ला केला तेव्हा ला नू हा अनुभवी सेनानी नदीच्या पात्रात उतरून नेल बुरुजाला वळसा घालून आत शिरू पाहत होता आणि बुडता बुडता वाचला. ज्या कामासाठी फिलिप ऑग्युस्तने हा कोपरा जड बांधला, नेमके तेच काम त्याने चार शतकांनंतर बजावले. मात्र तोफांपुढे असा पोकळ, उंच आणि त्या मानाने पातळ भिंतींचा बुरूज टिकणार नाही, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते. सतराव्या शतकातील चित्रांत तो डागडुजी थांबलेल्या इमारतीसारखा दिसतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की बुरूज लढाईत पडला नाही. एका मृत्युपत्रामुळे पाडला गेला. फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ मार्च १६६१ मध्ये वारला. त्याने मागे ठेवलेल्या अफाट संपत्तीतून वीस लाख लिव्ह्र एका महाविद्यालयासाठी राखून ठेवले होते. त्याच्या कारकिर्दीत फ्रान्सला जोडल्या गेलेल्या चार प्रदेशांतील साठ कुलीन मुलांनी पॅरिसमध्ये शिकावे, अशी ती योजना होती, आणि म्हणूनच संस्थेला चार राष्ट्रांचे महाविद्यालय म्हणत. जागा ठरवली ती लुई ल व्हो या वास्तुकाराने. तो त्याच वेळी राजाचा मुख्य वास्तुकार म्हणून लूव्रच्या चौकाचे काम पाहत होता. नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच अक्षावर दोन भव्य इमारती समोरासमोर याव्यात, ही त्याची कल्पना. त्या अक्षावर घुमट ठेवला आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दालने काढली की पूर्वेचे दालन अचूक नेल बुरुजावर येत होते. रचना सममित ठेवायची तर बुरूज काढणे भाग होते. बुरूज ठेवायचा तर आराखडाच मोडत होता. १६६५ मध्ये बुरूज गेला, दरवाजाही राहिला नाही, खंदक बुजले.

या निर्णयाला काही विरोध झाला असेल अशी कल्पना करणे आजच्या मनाला सोपे जाते, पण त्या काळी जुना तट हा वारसा नसून अडथळा आणि दगडांची खाण होती. चौदाव्या लुईला पॅरिस बंदिस्त ठेवायचे नव्हते. राज्याच्या सीमा किल्ल्यांनी बांधल्या की राजधानीला तट कशाला, असा तो विचार होता, आणि १६७० नंतर शहराचे उरलेले तट व दरवाजे झपाट्याने पाडले गेले. नेल बुरूज त्या लाटेच्या थोडा आधी गेला इतकेच. महाविद्यालयात पहिले विद्यार्थी मात्र १६८८ मध्ये आले. पुढे १८०५ मध्ये नेपोलियनने ही वास्तू आँस्तित्यूला दिली. ज्या मोठ्या वाड्यामुळे बुरुजाला नाव मिळाले, त्याच्या जागेवर नेव्हेर, गेनेगो आणि काँती अशी एकामागून एक घराणी राहून गेली आणि अखेर अठराव्या शतकात तेथे टांकसाळ आली, जी आजही पूर्वेला शेजारीच उभी आहे.

व्यक्तिशः मला ल व्होची इमारत आवडते आणि तिच्यासाठी दिलेली किंमत अवाजवी होती असे मी म्हणणार नाही. जे खटकते ते इतकेच की नव्या वास्तूत जुन्या तटाची एक रेघही दाखवावी असे कोणाला वाटले नाही, म्हणून आज त्या दालनासमोर उभे राहूनही कल्पनेला धरायला काही मिळत नाही.

यामुळे पाहण्याच्या बाबतीत माझा सल्ला असा की फलकापाशी फार वेळ घालवू नये आणि बुरुजाचे सख्खे भाऊबंद पाहावेत. तेथून चालत काही मिनिटांवर २७, र्यू माझारीन येथील भूमिगत वाहनतळात फिलिप ऑग्युस्तच्या तटाचा मोठा तुकडा उघडा आहे. मोटारींच्या मध्ये उभे राहून घडीव दगडांचे सपाट थर आणि त्यांच्यामधले बारीक सांधे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. र्यू गेनेगोवरील एका घराच्या आवारात आणि कूर द्यु कोमेर्स सँताँद्रे या बोळातील एका इमारतीच्या आत याच तीरावरचे साधे, लहान बुरूज अडकून उरले आहेत. तटाचा आडवा छेद पाहायचा असेल तर र्यू क्लोव्हिसला जावे. तेथे भिंत कापलेली असल्याने दोन्ही बाजूंच्या दगडी कवचांमधला चुन्याचा भराव स्पष्ट दिसतो, आणि दर्शनी दगड काढून नेल्यावरही असा भराव शतके का उभा राहतो ते तेथे कळते. सर्वांत लांब उरलेला भाग उजव्या तीरावर र्यू दे जार्दँ-सँ-पोल येथे शाळेच्या मैदानाच्या कडेला आहे. सुमारे ६० मीटर तट आणि दोन बुरूज तेथे एकत्र पाहायला मिळतात, आणि दोन बुरुजांमधले अंतर स्वतः पावलांनी मोजून घेता येते.

मोठ्या गोल बुरुजाच्या बांधकामाचा दर्जा कसा होता हे मात्र यांपैकी कशावरूनही कळत नाही. त्यासाठी लूव्रच्या तळघरात जावे, जेथे त्याच राजाने उभारलेल्या मध्यवर्ती गोल बुरुजाचा आणि किल्ल्याच्या खंदकाचा खालचा भाग १९८० च्या दशकातील उत्खननात मोकळा झाला. त्या बुरुजाचा व्यास नेलच्या दीडपट आहे, पण काळ, दगड आणि काम करवून घेणारा धनी एकच. तेथील काही दगडांवर गवंड्यांनी कोरलेल्या हृदयाच्या आकाराच्या खुणा आहेत. दिव्याचा प्रकाश तिरपा पडेल अशा जागी उभे राहून पाहिल्यास त्या सहज ओळखता येतात.